संत्र्याची पिल्लं

बाई गेली की लोक तिची अन्नपूर्णा करून टाकतात. आमच्या हिच्या शोकसभेतही तेच झालं. एकामागून एक उठले आणि सांगून गेले, माउली होती, हाताला चव होती, कोणाला उपाशी जाऊ दिलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो. हाताला चव होती, ते खरं. पण उपाशी जाऊ दिलं नाही हे साफ खोटं. माझ्या डोळ्यांदेखत तिने किती माणसांना रिकामं ताट हातात देऊन उभं ठेवलंय. का, तर पदार्थाच्या नावाचा अर्थ सांगून झाल्याशिवाय ती वाढायची नाही.

मंडळाच्या अंकात चार ओळी लिहा म्हणाले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, आयुष्य इथे अबुधाबीबाहेर मुसफ्फात वेल्डिंग करण्यात गेलं. लिहिणं माझं काम नाही. पण दुसऱ्या कोणी लिहिलं तर परत अन्नपूर्णाच लिहील, म्हणून मीच लिहितो. ती डोक्याला ताप होती. आता ताप उतरलाय आणि मला बरं वाटत नाही, एवढंच.

तिचा रोग एकच. नवा पदार्थ समोर आला की माणूस विचारतो, यात काय घातलंय. ही विचारायची, याला असं का म्हणतात. कोणी सांगितलं नाही तर खायची नाही. म्हणायची, "नाव ठाऊक नसलेला पदार्थ म्हणजे ओळख न करून दिलेला पाहुणा. ओट्यावर बसवीन, पोटात कसा घेऊ?" मी म्हणायचो, पोटात गेल्यावर सगळ्यांचं एकच होतं, तू खा. मग ती माझ्याकडे असं बघायची की मीच ताटातला खडा.

हे घरात चाललं असतं तर मी सोसलं असतं. पण माझे डोळे वेल्डिंगला चालेनासे झाले तेव्हा आम्ही मुसफ्फात, वर्कशॉपच्या गल्लीत, खानावळ टाकली. सकाळी कंपनीची बस उभी, गडी डबे घ्यायला रांगेत, ड्रायव्हर हॉर्न मारून यल्ला यल्ला करतोय, आणि ही डाव हातात धरून एका पठाणाला विचारतेय की निहारीला निहारी का म्हणतात. तो बिचारा सांगायचा, "नहार मतलब सुबह, अम्मा. सुबह का खाना है."

"तो तुम लोग रात को क्यूँ खाता है?"

पठाण विचारात पडायचा. रांग थांबायची. मागचे मला शिव्या घालायचे, तिला नाही. तिला सगळे अम्मा म्हणायचे. शिव्या खायला मी होतो.

एकदा लायसनच्या कागदावर आमच्या अरबाबची सही हवी होती. अरबाब म्हणजे आमचा इथला भागीदार, म्हातारा, देवमाणूस, पण हाताला सहजी लागत नसे. त्या दिवशी तो स्वतः आला, खुर्चीत बसला, पेन काढलं. मी कागद पुढे धरला. तेवढ्यात ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अरबाब, मच्बूस को मच्बूस क्यूँ बोलता?" रमजानात त्यांच्या घरून आम्हाला मच्बूस यायचा, मटण आणि भात एकत्र शिजवलेला. एवढी वर्षं खाल्ला होता, तरी तेव्हाच विचारायचं होतं.

अरबाबने पेन खाली ठेवलं. मला ठाऊक नाही, आईला विचारतो म्हणाला. त्याची आई त्याच्याहून म्हातारी. फोन लागला. ते अरबीत बोलले, हसले, बरंच बोलले. मग त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. भांड्यात दाबून बसवलेला, म्हणून मच्बूस. ही खूश. "दम दिलेला म्हणा की," म्हणाली आणि आत गेली. अरबाबही खूश, उठला आणि गाडीत बसून गेला. कागद माझ्या हातात तसाच. मागे धावलो तर काच खाली करून म्हणाला, इन्शाल्ला कल. दुसऱ्या दिवशी आला तो सही करायला नाही, आईला आणखी एक गोष्ट आठवली ती हिला सांगायला.

आता कोणी म्हणेल, हे हिला कुठून लागलं. ते मला माहीत आहे, तेही सांगतो.

आमच्याकडे लग्न झालं की ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आमच्या वेळी सगळ्यांची नावं बदलायचे. ही खाडीकाठची. माहेरचं नाव बकुळा. वडिलांच्या दारात बकुळीचं झाड होतं, त्यावरून ठेवलेलं. माझ्या आईने नवं नाव ठरवलं शैलजा, कारण गावात बदलून आलेल्या मामलेदाराची बायको शैलजा होती आणि तिच्या साड्या आईला आवडायच्या. मी ताटात लिहिलं. भटजी साखर वाटायला सांगणार, तोच नवरी तोंड वर करून म्हणाली, "म्हणजे काय?"

कोणाला कळेना. ती परत म्हणाली, "शैलजा म्हणजे काय?" आईने माझ्याकडे पाहिलं, मी भटजीकडे पाहिलं. भटजी म्हणाला, डोंगराची मुलगी. ही म्हणाली, "पण मी खाडीची आहे." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आईने ताट उचललं, तांदूळ हलवून सारखे केले आणि डब्यात ओतले. त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला. हिने खाल्ला नाही. पहिल्याच दिवशी सून रुसली म्हणून आईने मला पुढे बरीच वर्षं ऐकवलं.

तेव्हापासून ती पासपोर्टवर शैलजा, व्हिसावर शैलजा, भिशीत शैलजावहिनी. तिचे भाऊ होते तोवर फोनवर बकू म्हणायचे. ते गेले, मग ते नावही कोणाच्या तोंडात राहिलं नाही. मी नावाने हाक मारत नसे. आमच्यात पद्धत नव्हती. अगं म्हटलं की काम व्हायचं.

तर ती संत्र्याची गोष्ट.

माझी नात ईरा इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी समजतं, बोलते इंग्रजीत. तिच्या वाढदिवसाला मुलगा, नितीन, आम्हाला अबुधाबीत समुद्राकडच्या एका इटालियन हॉटेलात घेऊन गेला. तिथे आधी एक ओलसर भात आला. त्याचं नाव रिसोट्टो. हिने वेटरला धरलंच. तो पोरगा नेपाळचा, त्याने कुठूनतरी आत विचारून आणलं की इटलीत रिसो म्हणजे तांदूळ, त्यावरून. ही म्हणाली, "भाताला भातच म्हटलंय, चांगलं आहे, लपवाछपवी नाही," आणि जेवली. मला वाटलं सुटलो.

मग दुसरी बशी आली. तळलेले गोळे, चार. पस्तीस दिरहम, म्हणजे आठशे रुपयांच्या वर, हे मी मोठ्याने म्हणालो आणि नितीनने माझ्या पायाला पाय लावला. त्यांचं नाव अरांचिनी. वेटर म्हणाला राइस बॉल. ही म्हणाली, "वो तो मेरे को दिखता है. नाम का मतलब बोल." पोरगा परत आत गेला तो आलाच नाही. मी म्हणालो, भाताचा वडा आहे, खा गप. सगळ्यांचे गोळे संपले. हिचा बशीत गार झाला. शेवटी ईराने फोन काढला.

"आजी, इट मीन्स लिटल ऑरेंजेस."

हिने गोळा फोडून आत पाहिलं. भात, वाटाणे, चीज. "संत्रं कुठाय?"

मग ईरा वाचत गेली आणि नितीन मराठीत सांगत गेला. गोल असतात आणि तळून केशरी होतात, दिसायला संत्र्यासारखे, म्हणून ते नाव. सिसिली म्हणून तिकडे एक बेट आहे, तिथे एके काळी अरबांचं राज्य होतं. तांदूळ आणि संत्री तिकडे अरबांनी नेली असं म्हणतात. हे गोळेही त्यांच्याच वेळचे असं काहीजण म्हणतात, पण त्याला पुरावा नाही. संत्र्याला इटलीत म्हणतात अरांचा. तो शब्द आला अरबांच्या नारंजवरून. अरबांकडे तो इराणातून आला, आणि इराणात आपल्याकडून गेला. नारंग.

"नारिंग?" ही म्हणाली. "आपलं नारिंग?"

"यस आजी, युअर नारिंग."

यावर ती किती बोलेल या भीतीने मी पाणी मागवलं. ती काहीच बोलली नाही. गार झालेला गोळा तिने हातात घेतला, फिरवून पाहिला आणि सावकाश सगळा खाल्ला. गाडीतही गप्प. तिच्या बोलण्याने मी वैतागायचो, पण तिचं गप्प बसणं मला जास्त महाग पडायचं. आदल्या वेळी गप्प बसली होती तेव्हा घरात दुसरा फ्रीज आला होता.

या वेळी दुसऱ्या दिवशी खानावळीत उरलेल्या भाताचे गोळे झाले. आत वाटाणा, चीज आणि आमच्या गिऱ्हाइकाला झेपेल तेवढी हिरवी मिरची, म्हणजे बरीच. बाहेरच्या फळ्यावर तिने खडूने लिहिलं, संत्र्याची पिल्लं. खाली हिंदीत, संतरे के बच्चे. मी म्हणालो, अगं, भाताचे वडे लिही, लोकांना कळेल. ती म्हणाली, "त्यांचं नाव ते आहे."

मग व्हायचं ते झालं. गड्यांना वाटलं मिठाई आहे. जो तो घास घेऊन पाणी मागायला लागला आणि विचारायला लागला, अम्मा, संतरा किधर है. प्रत्येकाला ती अरब, इराण, बेट सगळं सांगायची. बस निघून जायची. सावंत म्हणून एक फोरमन आमचा गाववाला. त्याने फळा वाचला आणि मुलीच्या वाढदिवसाला गोड म्हणून डबा भरून नेला. दुसऱ्या दिवशी लाल होऊन आला. काकी, पोरं रडली की हो, म्हणाला, सोसायटीतली पोरं होती, बायको माझ्याशी बोलत नाही.

हिने शांतपणे विचारलं, "पोरांना अर्थ सांगितलास का आधी?"

"नाही."

"मग चूक तुझी."

सावंत माझ्याकडे बघायला लागला. मी भांडी मोजत असल्यासारखं केलं. तो पुढच्या आठवड्यात परत आला आणि पिल्लंच मागितली, हे खरं आहे, पण म्हणून ती बरोबर होती असं मी अजून मानत नाही.

खानावळ चालली. नितीनने मनावर घेतलं, गल्लीतून उठून शहरात हॉटेल टाकायचं. गाळा बघितला, टेबलं आली, आणि पोराने आईला न सांगता बोर्ड बनवायला टाकला. शैलजाज किचन. तिला खूश करायचं होतं. फोनमध्ये चित्र दाखवलं. मी म्हणालो, झकास. ती चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "माझं नाव घालायचंय ना?"

"मग? तुझंच आहे," नितीन म्हणाला.

"मग बकुळा लिही."

"कोण बकुळा?"

तो मुद्दाम बोलला नाही. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. चाळिशी उलटलेला माणूस, आईचं नाव माहीत नाही. त्याला कोण सांगणार, मी तर अगं म्हणत होतो. हिने चष्मा काढला. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

"नारिंग एवढं लांब सासरी गेलं. इराण्याकडे गेलं, अरबाकडे गेलं, इटलीला गेलं. प्रत्येकाने जिभेला वळेल तसं हाक मारली, पण नाव त्याचंच ठेवलं. खाडीवरून डोंगरावर आले मी, आणि तुम्ही एका ताटात पुसलंत."

मी म्हणालो, सगळ्यांचीच बदलायचे, तुझं एकटीचं नाही. बोर्ड ऑर्डर झालाय, आता काय तमाशा. खलास. ती म्हणाली, बरं. आणि हॉटेलात पाय ठेवला नाही. उद्घाटनाला आली नाही. पाहुण्यांना मी सांगत बसलो, गुडघे दुखतायत. घरून डबे भरून पाठवायची, चव तीच, पण स्वतः यायची नाही. नितीन वैतागला, मी वैतागलो. ईरा तेवढी शाळेतून आली की जवळ जाऊन बकुळाआजी म्हणायची, आणि ही लगेच तिला काहीतरी खायला द्यायची. मी तेच नाव घेतलं असतं तर आठ दिवसांत प्रकरण मिटलं असतं हे मलाही दिसत होतं. पण या वयात तोंडात नवं नाव कुठून आणायचं? आणि हट्टाला मी का नमू? घरात हट्ट करायचा परवाना काय तिलाच दिला होता?

मग तिच्या पोटात दुखायला लागलं.

हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, आतडं अडकलंय म्हणाले, ऑपरेशन लवकर करायला हवं. सकाळी डॉक्टर आले, बरोबर केरळची एक नर्स. डॉक्टरांची पद्धत असते, पेशंट शुद्धीवर नीट आहे का बघायचं. कुठे आहात विचारलं, हिने बरोबर सांगितलं. वार विचारला, बरोबर. नाव विचारलं.

"बकुळा."

नर्सने हिच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचली. परत विचारलं. परत बकुळा. दोघं बाजूला जाऊन बोलले. मग डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, पेशंटला स्वतःचं नाव आठवत नाही, गोंधळलेली आहे, मेंदूत काही आहे का ते आधी बघावं लागेल, ऑपरेशन थोडं मागे जाईल. नितीनचा चेहरा उतरला. माझं डोकं फिरलं. दुखतंय पोट आणि ही बाई डोकं तपासायला लावतेय.

नितीन आत जाऊन तिच्या हातापाया पडायला लागला. "आई, प्लीज, एकदा फक्त शैलजा म्हण. नंतर काय हवं ते म्हण." ती डोळे मिटून पडली होती, ओठ सुकलेले. म्हणाली, "डॉक्टरने माझं नाव विचारलंय."

आता काय करायचं सांगा. मी पलंगाजवळ गेलो आणि डॉक्टरांना, असेल नसेल त्या हिंदीत, म्हणालो, "डॉक्टरसाब, इसका दिमाग एकदम ठीक है. मेरे से जास्ती ठीक है. पट्टी पे जो लिखा है वो मेरी माँ ने रखा. ये बकुळा है. इसके बाप ने रखा. बकुळा."

पहिलं जरा अडकलं. दुसऱ्यांदा नीट आलं.

तिने डोळे उघडले. माझ्याकडे नाही पाहिलं, नर्सकडे पाहिलं. नर्स वाकून म्हणाली, "बकुळा मतलब क्या, अम्मा?"

मेली बरोबर प्रश्न विचारून बसली. पोट अडकलेली ती बाई सांगायला लागली. झाड असतं, मोठं. फूल एवढंसं. ते फांदीवरून तोडायचं नाही, खाली पडलेलंच घ्यायचं. "उसको उठाने के वास्ते झुकना पडता है," ती म्हणाली आणि तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. नर्स म्हणाली, आमच्याकडेही आहे ते झाड, इलञ्ञी म्हणतात. झालं. ही उशीवरून मान उचलून विचारते, "उसका मतलब?" नर्स म्हणाली, घरी फोन करून विचारते, ऑपरेशन झालं की सांगते. डॉक्टर घड्याळ बघत होते. मीही बघत होतो.

डोक्याची तपासणी रद्द झाली. थोड्या वेळाने तिला न्यायला माणसं आली. ढकलगाडीवर घेतलं, हिरवी चादर घातली. लिफ्टच्या पुढे ते मोठं दार असतं, तिथवर मी चालत गेलो. दारातल्या माणसाने तिचा हात उचलून पट्टी वाचली आणि विचारलं, शैलजा?

तिने मान हलवली, नाही. मी म्हटलं, आता परत सुरू झालं. तिने चादरीतून एक बोट बाहेर काढलं आणि न वळता मागे माझ्याकडे दाखवलं.

"उनको पूछो," म्हणाली. "उनको मालूम है."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं. त्याने मान डोलवली, गाडी आत गेली आणि दार लागलं.